गावाने ओढलेली तार

इतिहासाच्या व्याख्यानाला तार हा विषय निवडला म्हणजे श्रोत्यांना थोडे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. राजे, लढाया, तह आणि सनदा ह्यांनी आमचा इतिहास इतका भरलेला असतो की, खांबावरून गेलेल्या किंवा जमिनीत पुरलेल्या तारेला त्यात जागा कोठून मिळणार? परंतु गेल्या दीडशे वर्षांत शहर आणि खेडे ह्यांच्यात जे अंतर पडत गेले ते मैलांपेक्षा तारेनेच अधिक खरे मोजता येते. शहरात विजेचा दिवा आला तेव्हा खेड्यात कंदील होता. शहरात टेलिफोन खणखणू लागला तेव्हा खेड्यात निरोप्या पाठवावा लागत होता. आणि शहरातला विद्यार्थी घरी बसून जगातली ग्रंथालये चाळू लागला तेव्हा खेड्यातला विद्यार्थी मोबाईल हातात धरून टेकडीवर रेंज शोधीत होता. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता : शेवटच्या घरापर्यंत तार कोणी न्यावयाची?

ह्या प्रश्नाला इतिहासाने तीन उत्तरे दिलेली आहेत. कंपनीने न्यावी, हे पहिले. सरकारने न्यावी, हे दुसरे. आणि ही दोन्ही उत्तरे अपुरी पडली तेथे गावाने स्वतः न्यावी, हे तिसरे. पहिल्या दोन उत्तरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्याचा इतिहास मात्र विखुरलेला आहे. तो काही अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात, काही इंग्लंडच्या उत्तरेकडील मेंढपाळ गावांत आणि काही आमच्या प्रवरेच्या काठी सापडतो. तो एकत्र मांडून त्यातून काय निष्पन्न होते ते पाहावे, एवढाच येथे आमचा हेतू आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप समजून घेऊ. ती मुळात हिशेबाची आहे. एक किलोमीटर चर खणून तार पुरण्यास जो खर्च येतो, तो पेठेतल्या दाट वस्तीत शेकडो घरांवर वाटला जातो. डोंगरवस्तीत तोच खर्च तीन घरांवर पडतो. कंपनी भागधारकांना बांधलेली असते. तिने त्या तीन घरांकडे पाठ फिरविली तर त्यात दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. इंटरनेटच्या बाबतीत ह्या हिशेबाला निसर्गनियमाचीही जोड मिळाली. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट देण्याची जी पद्धत २००० सालाच्या सुमारास रूढ झाली, तीत संदेश अंतराबरोबर क्षीण होत जातो. केंद्रापासून पाचसहा किलोमीटरवर राहणाऱ्याला ती जोडणी जवळजवळ निरुपयोगी ठरते, आणि खेड्यातली घरे तर बहुधा अशीच दूर असतात.

हे अंतर काचेने जिंकले. वाकविलेल्या काचेच्या तंतूमधून प्रकाश नेता येतो, हे दाखविणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत आमच्या पंजाबचे नरिंदरसिंग कपानी हे होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील त्यांचे ह्या विषयावरील काम १९५४ साली प्रसिद्ध झाले. काच पुरेशी शुद्ध केली तर हाच तंतू दूरवरच्या दळणवळणाला उपयोगी पडेल, हे चार्ल्स काव ह्यांनी १९६६ साली गणिताने मांडले, आणि १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कारखान्याच्या संशोधकांनी तशी काच प्रत्यक्ष बनवून दाखविली. ह्या तंतूला, म्हणजे आज ज्याला आपण सरसकट फायबर म्हणतो त्याला, दहावीस किलोमीटरचे अंतर जाणवतही नाही. तंतूही महाग राहिला नाही. मग खेड्यात तो नेण्यास एवढा खर्च का यावा? कारण त्या खर्चाचा मोठा वाटा खणण्याचा असतो. आणि खणणे ही गोष्ट अशी आहे की, ती शहरातल्या कंपनीपेक्षा गावातल्या शेतकऱ्याला अधिक चांगली येते. आमच्या विषयाचे सगळे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

तथापि फायबरकडे जाण्यापूर्वी आपणांस एका जुन्या तारेकडे वळले पाहिजे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यांच्या टेलिफोनच्या मूळ पेटंटांची मुदत १८९३ आणि १८९४ मध्ये संपली. तोपर्यंत बेल कंपनीचे लक्ष मुख्यतः शहरांकडे होते. पेटंटांचा अडसर दूर होताच अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील शेतकऱ्यांनी आपसांत वर्गणी काढून टेलिफोनची यंत्रे विकत आणली, झाडे तोडून खांब उभे केले आणि तारा ओढल्या. जेथे खांबांनाही पैसा नव्हता तेथे कुंपणाची काटेरी तारच टेलिफोनची तार म्हणून वापरली. एका तारेवर आठदहा घरे असत. कोणासाठी घंटा वाजते आहे हे तिच्या लांब-आखूड ठोक्यांवरून ओळखावयाचे, आणि इतरांनी ऐकू नये असा संकेत असला तरी सगळ्यांनी ऐकावयाचे, अशी रीत होती. डॉक्टरला बोलावणे, बाजारभाव विचारणे, वादळाची सूचना देणे ही कामे त्या तारेने केलीच. शिवाय एकाकी शेतघरात दिवस काढणाऱ्या स्त्रियांना तिने शेजार दिला.

१९२० च्या शिरगणतीत असे आढळले की, अमेरिकेतील शेतघरांपैकी शेकडा सुमारे ३९ घरांत टेलिफोन आहे. ही संख्या पुढे वाढत गेली असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९४० साली ती शेकडा २५ वर उतरली. वीस वर्षांत विज्ञान पुढे गेले होते आणि खेड्यातला टेलिफोन मागे आला होता! शेतीमालाच्या भावातील घसरण आणि नंतरची महामंदी हे त्याचे एक कारण होते, ह्यात शंका नाही. मोटार आणि रेडिओ ह्यांनीही त्याची निकड थोडी कमी केली. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे कारण निराळे आहे. शेतकऱ्यांनी तार ओढली ती एका हंगामाच्या उत्साहाने. पुढे तिची निगा राखण्यासाठी वर्षाला जी वर्गणी ठरविली ती इतकी लहान होती की, खांब कुजला आणि तार गंजली म्हणजे नवी आणण्यास पेटीत पैसा नसे. स्वस्त टेलिफोनचा अभिमान बाळगता बाळगता त्यांनी घसारा नावाची गोष्ट हिशेबात धरलीच नव्हती. वापरलेली वस्तू रोज थोडी थोडी मरत असते, आणि तिच्या मरणाची तरतूद तिच्या जन्माच्या दिवसापासून करावी लागते, हे साधे व्यापारी शहाणपण त्या तारांपाशी कमी पडले.

दुसरी तार विजेची. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. त्या वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले आणि १९३६ साली त्याला कायद्याचा आधार मिळाला. हे पैसे खाजगी वीज कंपन्या घेतील अशी आरंभी अपेक्षा होती. कंपन्यांनी फारशी उत्सुकता दाखविली नाही. पुढे आले ते शेतकरी. त्यांनी सहकारी संस्था काढल्या, घरोघर फिरून सभासदत्वाचे पाच पाच डॉलर गोळा केले, आणि सरकारकडून अल्प व्याजाची, दीर्घ मुदतीची कर्जे घेतली. कर्ज देताना खात्याने काही अटी घातल्या : तांत्रिक आराखडा ठराविक पद्धतीचा असावा, हिशेब ठराविक नमुन्यात ठेवावेत, दर असा असावा की कर्जही फिटेल आणि तारांची निगाही राहील. दानाऐवजी कर्ज आणि मोकळीकीबरोबर शिस्त, असा हा बेत होता. वीस वर्षांच्या आत दहा शेतघरांपैकी नऊ घरांत दिवे लागले. १९४९ साली हीच योजना टेलिफोनला लागू झाली आणि गंजलेल्या काटेरी तारांच्या जागी पुन्हा टेलिफोन आले. त्या जुन्या वीज आणि टेलिफोन संस्थांपैकी कितीतरी आज आपल्या सभासदांच्या घरी फायबर नेत आहेत. ऐंशी वर्षे टिकलेल्या संस्थेला नवी तार टाकणे जड जात नाही. खांब आणि वाटा तिच्याच असतात, वसुलीचा शिरस्ता बसलेला असतो, आणि मुख्य म्हणजे सभासदांचा विश्वास मिळविलेला असतो.

आता आपण अटलांटिक ओलांडून इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात येऊ. सहकाराच्या अभ्यासकाला हा परगणा परका नाही. ह्याच परगण्यातील रॉचडेल गावी २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस सभासदांनी अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर टोड लेन नावाच्या गल्लीत पीठ, साखर, लोणी आणि मेणबत्त्या ह्यांचे लहानसे दुकान उघडले होते. एका सभासदास एक मत आणि रोखीने व्यवहार, उधारी नाही, हे त्यांचे नियम पुढे जगभर गेले, आणि आमच्याकडील १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानंतर ते आमच्या खेड्यांतही सांगितले जाऊ लागले.

रॉचडेल गिरण्यांच्या पट्ट्यात आहे. परगण्याच्या उत्तर टोकाला लँकेस्टर शहराच्या पलीकडे लून नदीचे खोरे पसरले आहे. दगडी कुंपणांची कुरणे, मेंढ्या, दुभती गुरे आणि एकमेकांपासून दूर दूर असलेली शेतघरे, असा हा मुलूख आहे. क्वॉर्मर, हॉल्टन, रोबर्नडेल आणि रे ही त्यातली काही गावे. तेथील पॅरिश म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या तोलाचा लहान घटक. ह्यांपैकी 'रे' गावात २००० नंतरच्या काही वर्षांत लँकेस्टर विद्यापीठाच्या साहाय्याने घराघरांवर अँटेना बसवून बिनतारी इंटरनेटचा प्रयोग झाला होता. त्या प्रयोगाने लोकांना दोन गोष्टी शिकविल्या. चांगले इंटरनेट मिळाले तर खेड्यातली माणसे त्याचा उपयोग शहरातल्यांइतकाच करतात, ही एक. आणि खऱ्या तारेला पर्याय नाही, ही दुसरी.

ब्रिटिश सरकारनेही ग्रामीण इंटरनेटसाठी २०१० नंतर मोठा निधी बाजूला काढला होता. परगण्यापरगण्याने निविदा मागविल्या. परंतु ह्या योजनेची सर्व कंत्राटे एकाच मोठ्या कंपनीकडे जात आहेत, अशी टीका संसदेच्या लोकलेखा समितीने २०१३ साली केली. शिवाय ह्या योजनेतील बरेचसे काम फायबर रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत नेण्याचे होते. पेटीपासून घरापर्यंत जुनी तांब्याची तार तशीच राहावयाची. पेटीजवळच्या घरांना त्याचा लाभ होई. दोन टेकड्यांपलीकडच्या शेतघराची मात्र जुनीच गत राहणार होती.

लूनच्या खोऱ्यातील लोकांनी वाट पाहण्याचे सोडून दिले. लँकेस्टर विद्यापीठात संगणक-जाळ्यांचे काम केलेले बॅरी फोर्ड ह्यांनी तांत्रिक आराखडा केला. रे गावच्या शेतकरी कुटुंबातील ख्रिस काँडर ह्यांनी लोकांना जागे केले. २०११ साली 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ' ही संस्था नोंदविण्यात आली. ह्या नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार 'बार्न' असा होतो, म्हणजे शेतातले कोठार. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भागांची विक्री सुरू झाली. एका पौंडाचा एक भाग, निदान शंभर पौंडांचे भाग घ्यावयाचे, आणि भाग कितीही असले तरी मत एकच. पंधराशे पौंडांचे भाग घेणाऱ्यास जोडणी आणि पहिल्या वर्षाची वर्गणी माफ. घातलेला पैसा पहिली तीन वर्षे परत मागावयाचा नाही. सरकारची देणगी आरंभी नव्हती. होती ती नव्या उद्योगांत पैसा घालणाऱ्यांना कायद्याने मिळणारी शेकडा तीस आयकर-सवलत. आठ पॅरिशांच्या पहिल्या टप्प्याचा अंदाज वीस लाख पौंडांच्या आत बसविला होता. एवढ्या कमी खर्चात हे काम होईल यावर जाणत्यांचा सहज विश्वास बसला नसता.

तो खर्च कमी कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. तार रस्त्याच्या कडेने नेली तर डांबर फोडावे लागते, वाहतूक वळवावी लागते, परवाने काढावे लागतात आणि पुन्हा रस्ता पूर्ववत करून द्यावा लागतो. बार्नने तार शेतांतून नेली. तेथे एका माणसाचे यंत्र दिवसभरात लांबलचक चर काढते आणि माती ओढून घेतली की काही दिवसांत त्यावर गवत उगवते. परंतु शेत म्हटले म्हणजे मालक आला. कंपनीने हीच वाट धरली असती तर प्रत्येक बांधावर वकील उभा राहिला असता आणि प्रत्येक मालकाने वार्षिक भाडे मागितले असते. येथे मालकांनी जमिनीतून तार नेण्याचा हक्क फुकट दिला. कारण तार त्यांच्याच घरी जावयाची होती आणि संस्थाही त्यांचीच होती. मार्च २०१२ मध्ये क्वॉर्मर येथे खणण्यास आरंभ झाला. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणि खोदयंत्रे आणली. पेन्शनरांनी नळ्या अंथरल्या. दगडी कुंपणाखालून आणि ओढ्यांखालून वाट काढली. नळीत दाबाखालील हवेने तंतू फुंकून पुढे ढकलण्याचे आणि केसासारखे दोन तंतू वितळवून सांधण्याचे काम कारखान्यात शिकलेले लोकच करू शकतात अशी समजूत होती. गावकरी तेही शिकले. घरापुढची बाग खणून भिंतीला भोक पाडण्याचे काम पुष्कळदा घरमालकाने स्वतः केले. ज्यांच्यापाशी पैसा कमी होता त्यांची मेहनत भागांच्या रूपाने जमा धरली गेली.

पहिल्या घरांना २०१२ साल संपण्याच्या आत जोडणी मिळाली. सेकंदाला एक हजार मेगाबिट हा वेग, माहिती घेतानाही तोच आणि पाठवितानाही तोच, महिन्याला तीस पौंडांत. त्या सुमारास ब्रिटनमधील ब्रॉडबँडचा सरासरी वेग बारा मेगाबिटांच्या आसपास होता. अर्थात् रोबर्नडेलच्या मेंढपाळाच्या घरी लंडनच्या सरासरी गृहस्थाच्या घरापेक्षा कितीतरी पट चांगली तार पोहोचली. पुढे हे काम लून खोऱ्याबाहेर कंब्रिया आणि यॉर्कशायरच्या डोंगरगावांत पसरले. दहाबारा वर्षांत जोडलेल्या घरांची संख्या दहा हजारांच्या वर गेली.

ह्या हकीकतीवर दोन आक्षेप येतात आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, हे सधन देशातील सधन खेड्यांना शक्य झाले. निवृत्त प्राध्यापक, अभियंते आणि बँकेत शिल्लक असलेले शेतकरी ज्या खोऱ्यात आहेत तेथे पंधराशे पौंड उभे करणे ही मोठी गोष्ट नव्हे. हा आक्षेप पुष्कळसा खरा आहे. मेहनतीचे भाग करण्याची युक्ती काढली नसती तर तो पुरताच खरा ठरला असता. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. वीज, पाणी, रस्ता आणि आता इंटरनेट ह्या गोष्टी नागरिकाच्या हक्काच्या मानल्या तर त्या पुरविणे हे राज्याचे कर्तव्य होय. शहरातल्या माणसाने कर भरला की त्याला त्या मिळाव्यात, आणि खेड्यातल्या माणसाने कर भरून वर कुदळही हाती घ्यावी, हा कोणता न्याय? ह्याला उत्तर देणे सोपे नाही. स्वावलंबनाची स्तुती ही पुष्कळदा सरकारच्या आळसाला मिळालेली शाल असते. बार्ननेही पुढे सरकारी साहाय्य वर्ज्य मानले नाही. ग्रामीण घरांच्या जोडणीसाठी सरकारने अनुदानाची कुपने काढली तेव्हा तिच्या गावांनी ती घेतली, आणि ते योग्यच झाले. पैसा कोठूनही आला तरी आमची हरकत नाही. तार टाकून झाल्यावर ती कोणाच्या ताब्यात राहते आणि तिची काळजी कोण वाहतो, ह्याकडे आमचे लक्ष आहे.

ह्याच कसोटीवर आमच्या महाराष्ट्राचा अनुभव घासून पाहू. सामुदायिक भांडवल उभे करण्याची विद्या आम्हांस लँकेशायरकडून नव्याने शिकावी लागेल असे नाही. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करीत होते आणि धनंजयराव गाडगीळ त्या कामाला अर्थशास्त्राची बैठक देत होते. त्यातून १९५० साली लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच भागात पुढे तारेचा सहकारही झाला. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि अमेरिकेतील वीज संस्थांच्या नमुन्यावर देशात पाच ठिकाणी प्रायोगिक सहकारी संस्था काढण्याचे ठरले. त्यांपैकी एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. वर ज्या पाच डॉलरांच्या सभासदत्वाची हकीकत सांगितली तिचे हे एक दूरचे नातवंडच म्हणावयास हरकत नाही. संस्था वीज मंडळाकडून वीज घेई आणि गावोगावच्या घरांना व शेतीपंपांना पुरवी. विहिरींवर मोटारी बसल्या, ऊस वाढला, तारा वाड्यावस्त्यांवर गेल्या. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु वीज मंडळाचे देणे वर्षानुवर्षे तुंबत गेले. मंडळाच्या पश्चात आलेल्या महावितरणच्या मागणीप्रमाणे ते दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेले होते. ह्याचा सगळा दोष एकट्या संस्थेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शेतीपंपांचे दर राजकारणात ठरत, मीटरवाचून दिलेल्या विजेचे मोजमाप होत नसे, आणि खरेदीचा दर तिच्या हाती नव्हता. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. सभासद तोच ग्राहक आणि ग्राहक तोच मतदार, अशा ठिकाणी थकबाकीदाराची तार तोडण्याचे काम कोणी करावयाचे? रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी उधारी बंद ठेवली होती ती काही कंजूषपणाने नव्हे; शेजाऱ्याकडून शेजाऱ्याने वसुली करणे किती कठीण असते, हे त्यांना ठाऊक होते. अखेर २०११ च्या जानेवारीत मुळा-प्रवरेचा परवाना संपला आणि पुरवठ्याचे काम महावितरणकडे गेले.

२०११ हे साल आमच्या विषयात मोठे विलक्षण आहे. जानेवारीत श्रीरामपूरच्या तारा गावाच्या हातून गेल्या. ऑक्टोबरात भारत सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची राष्ट्रीय योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. आणि डिसेंबरात लूनच्या खोऱ्यात बार्नचे भाग विकण्यास आरंभ झाला.

भारतनेटचा व्याप पाहिला म्हणजे दडपून जावयास होते. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे काम झाल्याचे सरकारने सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजना मंजूर झाली. तिचा खर्च १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या वर आहे, आणि तीत दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. गावपातळीवरच्या उद्योजकांमार्फत दीड कोटी घरे जोडावयाची, असाही तिचा संकल्प आहे. म्हणजे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी जे घसाऱ्याचे पान कोरे ठेवले होते ते आमच्या सरकारने उशिरा का होईना भरावयास घेतले, हे चांगलेच झाले. तथापि मूळ योजनेतील फायबर ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येऊन थांबले होते, हे विसरता येत नाही. कचेरीतल्या कपाटात यंत्र बसले. तेथून शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत, मळ्यातल्या वस्तीपर्यंत ती तार कोणी न्यावयाची, हे गावाला कोणी विचारले नाही आणि गावानेही कोणाला विचारले नाही. पुढे रस्ता रुंद करताना यंत्राच्या फाळाने तार तुटली तर ती आपली तार तुटली असे गावाला वाटत नाही. सरकारची तुटली असे वाटते. क्वॉर्मरच्या शेतकऱ्याला मात्र आपल्या कुरणाखालून तार कोठून कशी जाते हे आंधळेपणानेही सांगता येईल, कारण ती त्याने स्वतः पुरली आहे.

ह्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की, सरकारने हात झटकावेत आणि गावांनी वर्गण्या काढाव्यात. आमच्या खेड्यांतील बहुसंख्य घरांना लूनच्या खोऱ्याइतके भागभांडवल उभारणे शक्य नाही, आणि दूरवरची मोठी तार सरकारनेच आणावयास हवी. परंतु दारापर्यंत आलेली तार घराघरांत नेणे आणि राखणे हे काम गावाच्या आवाक्यातले आहे. चर खणण्याची विद्या आपल्याकडे आहे. पाइपलाइन ओढण्याची तर प्रत्येक बागायतदाराला आहे. मैल दोन मैलांवरून नदीचे पाणी मळ्यात आणण्यासाठी दहा शेतकरी एकत्र येतात, शेजाऱ्याच्या बांधातून नळी नेण्याची परवानगी मिळवितात आणि मोटारीचे बिल वाटून घेतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. नव्वदीच्या दशकात गावोगावच्या केबलवाल्याने छपरावरून छपरावर तार टाकून घरोघर दूरदर्शनच्या वाहिन्या पोहोचविल्या, तेही कोणत्या सरकारी योजनेने नव्हे. उणीव आहे ती संस्थेची. आणि संस्था म्हणजे सभासदांची यादी आणि फलक एवढेच नव्हे. वेळेवर वसुली, खरा हिशेब आणि उद्याच्या दुरुस्तीसाठी आज बाजूला ठेवलेला पैसा ह्या तीन गोष्टी असतील तरच तिला संस्था म्हणावे. अमेरिकेच्या काटेरी तारा तिसऱ्या गोष्टीअभावी गंजल्या, मुळा-प्रवरेच्या तारा पहिल्या गोष्टीअभावी हातच्या गेल्या, आणि जेथे तिन्ही होत्या तेथे ऐंशी वर्षांची संस्था नातवांच्या घरी नवी तार टाकीत आहे.

म्हणून आमची एवढीच सूचना आहे की, आपल्या गावच्या ग्रामसभेत जेव्हा ह्या फायबरचा विषय निघेल, आणि तो आज ना उद्या निघाल्यावाचून राहणार नाही, तेव्हा वेग किती मिळणार हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. ही तार कोणाच्या मालकीची राहणार, तुटली तर किती दिवसांत आणि कोण जोडणार, वर्गणी थकविणाऱ्याच्या बाबतीत सरपंचाच्या पुतण्यालाही तोच नियम लागू होणार की नाही, आणि पंधरा वर्षांनी यंत्रे बदलावी लागतील तेव्हाचा पैसा आजपासून कोणत्या खात्यात जमा होणार, हे प्रश्न अगोदर विचारावेत, आणि त्यांची उत्तरे ठरावाच्या वहीत लिहून घ्यावीत.